मुलीच्या हातातलं बोथट ब्लेड

मराठी घरात दाढीचं सामान कुणी लपवून ठेवत नाही. बेसिनवर आरसा, आरशाखाली फळी, फळीवर ब्रश, क्रीम, रेझर आणि एखाद्या वाटीत तुरटीचा खडा. आल्यागेल्यालाही ते दिसतं आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. मुलाला मिसरूड फुटलं की बाप नाहीतर काका त्याला एखाद्या रविवारी आरशासमोर उभा करतो, गाल ताणून धरायला शिकवतो, ‘लगेच उलटा हात मारू नकोस’ म्हणून दटावतो. कापलंच तर तुरटी फिरवायची. घरात दोन दिवस चेष्टा होते आणि विषय संपतो.

त्याच घरातल्या तेराचौदा वर्षांच्या मुलीला पायावरचे केस नकोसे झाले, तर ती आधी बाथरूमचं दार लावून घेते. बापाचं वापरून झालेलं रेझर उचलते, कारण नवीन मागायचं तर कशाला हवंय ते सांगावं लागणार. बाहेरून कुणीतरी ‘किती वेळ?’ म्हणून ओरडतं, त्यामुळे घाई. पाय जेमतेम ओला, त्यावर अंगाचा साबण चोळलेला, आणि रेझर दाबून खालून वर ओढलेलं. नडगीवर कातडी आणि हाड यांच्यामध्ये फारसं काही नसतंच. गुडघ्यावर आणि घोट्यावर हाडाचे उंचवटे. बोथट पातं नेमकं तिथे अडकतं. बारीक, लांब चीर पडते. त्या क्षणी कळतही नाही, पाणी पडलं की चरचरतं. रक्त थांबेना म्हणून त्यावर पावडर नाहीतर टूथपेस्ट, हाताला लागेल ते. वर मोजे. दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर लाल पुरळ, चारसहा दिवसांत एखादी केसतोड. आणि हे सगळं आईला न सांगता निस्तरायचं.

यातली एकूण एक गोष्ट टाळता येण्याजोगी आहे. ती टळत नाही याला त्या मुलीचा उतावळेपणा कारण नाही, घरातल्या मोठ्या माणसांचा संकोच कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाला जे शिक्षण आरशासमोर उभं करून दिलं जातं, ते मुलीला दाराआड स्वतःचं रक्त काढून मिळवावं लागतं.

पायावरचे केस हा काय लेखाचा विषय झाला, असं म्हणणारे म्हणोत. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांनी बायकांनी जाकिटं घातली पाहिजेत यावर लेख लिहिला होता. बाईच्या अंगावर काय असावं ही त्यांना वर्तमानपत्रात मांडण्याजोगी गोष्ट वाटली, कारण थंडीवाऱ्यात वावरायचं शरीर बाईचं असतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि शरीराबद्दल सरळ शब्दांत लिहिल्याबद्दल कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. एवढं होऊन आज आपण मुलीच्या पोटरीवर पुरळ का आलं हे विचारायला लाजतो.

बरं, ही लाज तरी जुनी आहे का? नाही. नऊवारीचा कासोटा मारलेल्या बाईची पोटरी उघडीच असते. भातलावणीला चिखलात उतरलेल्या कोकणातल्या बायका, मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन जाणाऱ्या, गुडघ्यापर्यंतच लुगडं असणाऱ्या कोळणी, देशावर खुरपायला बसलेल्या बायका, यांच्या पायांकडे केसांसाठी म्हणून कुणी बोट दाखवलं नाही. आपल्या आज्यापणज्यांच्या पायांवरचे केस सगळ्या गावाने पाहिलेले आहेत. पुढे पाचवारी टाचेपर्यंत आली आणि पाय झाकला गेला. मग मुलींच्या अंगात शाळेचे स्कर्ट आले, आणि झाकलेला पाय पुन्हा उघडा पडला तेव्हा मधल्या काळात गुळगुळीत पायांच्या जाहिराती येऊन बसल्या होत्या.

त्या जाहिरातींचं मूळ अमेरिकेत आहे. जिलेट कंपनीने बायकांसाठी म्हणून पहिलं रेझर १९१५ मध्ये बाजारात आणलं. नाव ‘मिलेडी डेकोलेटे’. तो रोख काखेवर होता, कारण बिनबाह्यांच्या झग्यांची फॅशन आली होती. नंतरच्या दशकात झगे आखूड झाले आणि मोर्चा पायांकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात रेशीम आणि नायलॉन पॅराशूट वगैरे युद्धसामग्रीकडे गेलं, पायमोज्यांची टंचाई झाली, तेव्हा तिकडच्या बायका पायांना रंग फासून मोजे घातल्याचा देखावा करत. रंग फासायचा तर केस नकोत. तिथून पुढे केसाळ पाय म्हणजे अजागळपणा हे ठरूनच गेलं. गरज आधी कुणाला नव्हती. ती तयार केली गेली आणि तिच्याबरोबर रेझर विकलं गेलं. पुरुषांचंच रेझर गुलाबी करून जास्त भावात विकायची युक्ती तर अजून चालू आहे. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने २०१५ मध्ये किमती ताडून पाहिल्या, तेव्हा बायकांसाठीच्या वैयक्तिक निगेच्या वस्तू पुरुषांच्या तशाच वस्तूंपेक्षा सरासरी १३ टक्के महाग निघाल्या. पायासाठी पुरुषांचं साधं, चांगल्या पात्याचं रेझर तेवढंच उपयोगी पडतं.

आपल्याकडे बाई आणि वस्तरा या जोडीला आणखी एक इतिहास आहे, तो या शहाण्यासुरत्या चर्चेत कुणी काढत नाही. विधवेचं केशवपन. तिला विचारायची पद्धत नव्हती, नवरा गेला की वस्तरा यायचा. १८९० च्या सुमारास कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं जाहीर केलं. ज्यांची रोजीरोटी त्या वस्तऱ्यावर होती त्यांनी नकार दिला, हे मला आजही फार मोठं वाटतं. केस ठेवायचे की काढायचे हे ज्याचं शरीर त्याने ठरवावं, एवढाच त्याचा अर्थ मी घेते. तो डोक्याला लागू आणि पायालाही.

म्हणून ‘केस काढलेच पाहिजेत’ म्हणणारी मैत्रीण, ब्यूटी पार्लरवाली किंवा मुलगी दाखवायला काढताना ‘जरा वॅक्सिंग करून घे’ सुचवणारी आत्या मला जशी नको, तशीच ‘हे सगळं बाजाराचं कारस्थान आहे, तू बळी पडू नकोस’ म्हणून मुलीला झापणारी पुरोगामी मावशीही नको. माझं स्वतःचं मत विचाराल तर पायावरच्या केसांनी कुणाचं काही बिघडत नाही. पण माझं मत आठवीतल्या मुलीला शाळेच्या बसमध्ये कामी येत नाही. तिथे मागच्या बाकावरून ‘अस्वल’ ऐकू येतं, ते तिला एकटीला ऐकायचं असतं. तिला दोन गोष्टी मोकळेपणी सांगितल्या गेल्या पाहिजेत. ठेवलेस तरी छान, आणि काढायचे तर असे काढ. पहिली सांगून दुसरी न सांगणं म्हणजे जबाबदारी झटकणं आहे.

आता ती आईकडे जाते, असं धरू.

“आई, मला रेझर हवंय.”

“कशाला गं? एकदा लावलंस की दाट येतील, राठ येतील, मग जन्मभर बस काढत.”

हे वाक्य मराठी घरांत आईकडून लेकीला वारशाने मिळतं आणि ते खोटं आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच दाखवून दिलं की दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. केस कातडीच्या खाली, मुळाशी तयार होतो. पातं वरची मेलेली काडी कापतं, मुळाला त्याची खबरही नसते. राठ वाटतो तो वेगळ्या कारणाने. न कापलेला केस टोकाला निमुळता असतो, कापलेला मध्येच तुटल्यामुळे बोथट असतो आणि वाढताना टोचतो. पण या एका समजुतीपायी रेझर घरात येत नाही, आणि येत नाही म्हणून चोरून वापरलं जातं.

तर आईने, किंवा बापाने (का नाही? घरात याची सवय असलेला माणूस तोच), मुलीला हे सांगावं. अंघोळीच्या सुरुवातीला रेझर हातात घेऊ नकोस, शेवटी घे. कोमट पाण्यात दोनतीन मिनिटं भिजला की केस मऊ पडतो आणि पात्याला जोर लावावा लागत नाही. अंगाचा साबण कातडी कोरडी करतो, आणि बोअरच्या जड पाण्यात त्याला धड फेसही येत नाही. शेव्हिंग क्रीम लाव, नसेल तर केसांना लावायचा कंडिशनर चालतो, दोन रुपयांची पुडी पुरते. रेझर केस ज्या दिशेने वाढतो त्या दिशेने, म्हणजे पायावर साधारण वरून खाली फिरव. उलटा हात मारलास तर पाय जास्त गुळगुळीत लागेल खरा, पण केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो आणि वाढताना वाकून आतच घुसतो. केसतोडीसारख्या दिसणाऱ्या पुष्कळ पुटकुळ्यांची सुरुवात तिथे असते. दाबू नकोस. पातं चांगलं असेल तर रेझरचं वजन पुरतं. फेरे आखूड घे, प्रत्येक फेऱ्यानंतर पातं धुऊन घे, आणि एकाच जागेवरून चारचारदा फिरवू नकोस. गुडघ्यावर फिरवताना पाय थोडा वाकव म्हणजे कातडी ताणली जाते, घोट्याशी पाऊल पुढे ताण. तीळ, चामखीळ, आधीचं पुरळ असेल तिथून वळसा घे. झालं की टॉवेलने घासू नकोस, टिपून घे आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लाव. त्या दिवशी घट्ट लेगिंग किंवा जीन्स नको.

आणि पातं. पाचसात वेळा वापरलं की बदलायचं. बाथरूमच्या ओल्या कोनाड्यात पडलेलं तर त्याहीआधी. इथेच लपवाछपवी सगळ्यात महागात पडते, कारण चोरून वापरायच्या वस्तूचं पातं कोण बदलून देणार? ती टॉवेलाच्या घडीत नाहीतर दप्तराच्या कप्प्यात ओलीच कोंबली जाते. त्याहून वाईट म्हणजे वाटून वापरलेलं रेझर. बापाचं मुलीने, वसतिगृहात एकीचं तिघींनी. पात्यावर दिसतही नाही एवढ्या रक्तातून हिपॅटायटिस बी आणि सी एका अंगातून दुसऱ्या अंगात जाऊ शकतात. सलूनमध्ये नवीन ब्लेड लावलं का हे आपण पाहून घेतो, घरात ते बघायचं कुणाला सुचत नाही. वीसतीस रुपयांचं स्वतःचं रेझर मुलीच्या हातात उघडपणे दिलं तर हा प्रश्नच उरत नाही.

तरीही कधीतरी कापणार. पुरुषांना चाळीस वर्षं दाढी करूनही कापतं. कापलं की स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि स्वच्छ फडका नीट दाबून पाच ते दहा मिनिटं धरायचा. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, धरलेली खपली निघते. शक्य तर पाय उंचावर. तुरटीचा ओला खडा टेकवला की बारीक चिरेचं रक्त थांबतं, फक्त तो खडा स्वतःचा हवा, सगळ्यांच्या गालांवरून फिरलेला नको. मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर पट्टी. डब्यातली हळद, चहापावडर, चुना, तंबाखू यांतलं काहीही नको. अँटिसेप्टिक पाण्यात न मिसळता ओतलं तर जखमेभोवतीची चांगली कातडीही भाजते. वीस मिनिटं दाबूनही रक्त वाहत असेल, किंवा पुढच्या दिवसांत लाली पसरत चालली, पाय गरम लागला, पू झाला, ताप आला, जांघेत अवधान आलं, तर डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून पाहावं. सरकारी लसीकरणात ते दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असतं, आणि शाळेत त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुली पुष्कळ असतात. घरात मधुमेह असलेल्या बाईने तर पायावर पातं लावूच नये, लहान मशीनने केस बारीक करावेत. तिच्या पायाला कापलेलं बरेचदा कळत नाही आणि कळेपर्यंत चिघळलेलं असतं.

मुंबई-कोकणात ही चीर आणखी एका कारणाने हलक्यात घेण्याजोगी नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, आणि सिंधुदुर्गाला हा आजार भातशेतीच्या दिवसांत चांगला परिचयाचा आहे. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मुतातून जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून अंगात शिरतात. पाय खरचटलेला असताना तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरांना विचारून तीन दिवसांच्या आत प्रतिबंधक गोळी घ्या, असं मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते. आपण ती सूचना ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे खिळा लागलेला, काच लागलेला पाय असतो. सकाळी घाईत शेव्ह करून, मोजे चढवून दादर नाहीतर सायनच्या गुडघाभर पाण्यातून कॉलेजला निघालेली मुलगी नसते, आणि ती स्वतः तर डॉक्टरला ही जखम सांगणारच नाही. जून ते सप्टेंबर शेव्ह करायचंच तर रात्री करावं, सकाळपर्यंत चिरा धरलेल्या असतात. कापलं असेल तर पाण्यात उतरायच्या आधी पाणी न शिरणारी पट्टी लावावी, आणि आल्यावर पाय साबणाने धुवावे.

या न सांगण्याचा सगळ्यात मोठा फायदा औषधाच्या दुकानाला होतो. पोटऱ्यांवर लाल पुरळ उठलं, खाज सुटली, आईला सांगायचं नाही, डॉक्टरकडे एकटीने जाता येत नाही. मग मुलगी क्लासवरून येताना मेडिकलच्या काउंटरपाशी गिऱ्हाइकं पांगायची वाट पाहते आणि हळूच म्हणते, ‘खाजेचं काहीतरी द्या.’ काउंटरवरचा पोऱ्या पाय न बघता ट्यूब काढून देतो. तिच्यात बहुतेक वेळा जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. दोन दिवसांत खाज जादूसारखी थांबते, म्हणून ती महिनोन्‌महिने लावली जाते. कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, गजकर्ण असेल तर ते दबून भलतंच पसरतं. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ या मिश्र मलमांविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडत आहेत. खरं तर साध्या पुरळाला थंड पाण्याची घडी, कॅलामाइन लोशन आणि चारपाच दिवस रेझरला सुट्टी एवढं पुरतं. केसतोडीला दिवसातून तीनचारदा कोमट शेक द्यावा. सुईने किंवा चिमट्याने आतला केस उकरून काढायचा मोह होतो, तो आवरावा, कारण आपल्या सावळ्या कातडीवर उकरलेल्या जागेचा काळा डाग पुढे महिनोन्‌महिने राहतो. गुळगुळीत पायासाठी सुरू केलेला खटाटोप ठिपक्याठिपक्यांच्या पायावर येऊन थांबतो, मग ते डाग झाकायला पुन्हा मोजे.

इस्पितळांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. पात्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू वाढतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगून टाकलं की ऑपरेशनपूर्वी केस काढूच नयेत, अगदीच अडत असतील तर क्लिपरने बारीक करावेत, वस्तरा-रेझर नको. नैसर्गिक बाळंतपणाआधी सरसकट केस काढू नयेत, हेही तिने सांगितलेलं आहे. तरी अजून कित्येक ठिकाणी बाळंतपणाला आलेल्या बाईला न विचारता ‘तयारी’च्या नावाखाली रेझर फिरवलं जातं, आणि तीही विचारत नाही, कारण या जागेबद्दल बोलायचं नसतं हे ती तेराव्या वर्षीच शिकलेली असते.

शाळांनी पाळीबद्दल बोलायला सुरुवात केली, पॅड वाटले, हे चांगलं झालं. त्याच तासाला दहा मिनिटं अंगावरच्या केसांना द्यावीत, आणि मुलग्यांना त्या वेळी मैदानावर पिटाळू नये. ‘अस्वल’ म्हणणारे तेच असतात.

एक गोष्ट अगदीच राहून जाते, वापरलेल्या ब्लेडची. लपवून वापरलेलं ब्लेड लपवूनच टाकलं जातं, वर्तमानपत्राच्या चिटोऱ्यात गुंडाळून, ओल्या कचऱ्यात खोल दाबून. सकाळी तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटाला ते लागतं, आणि तिला तर ते कुणाच्या रक्ताचं हेही कळायचा मार्ग नसतो. जुन्या पावडरीच्या पत्र्याच्या डब्याला झाकणात एक चीर पाडून घ्यावी आणि घरातली सगळी ब्लेडं, कुणाचीही असोत, त्यात टाकावीत. डबा भरला की तोंडाला चिकटपट्टी लावून वर मोठ्या अक्षरात ‘ब्लेड’ लिहावं, कचऱ्यात न टाकता घंटागाडीवरच्या बाईंच्या हातात वेगळा द्यावा आणि आत काय आहे ते त्यांना तोंडाने सांगावं.